वडी लहानच काप

तासगाव,
फाल्गुन वद्य पंचमी

चि. सोनूस,


परवा फोनवर तू म्हणालीस, "मावशी, वड्या थापल्या, पण सुरी लावली तसा सगळा भुगा झाला." बेदाण्याच्या शेडवर माणसं खोळंबली होती, नीट बोलता आलं नाही. रात्रपाळीत पहाटे तीनच्या सुमाराला पोटात आग पडते आणि उभ्या उभ्या बिस्किटाचा पुडा संपवून तू परत वॉर्डात जातेस, हे ऐकल्यापासून मला चैन नाही. म्हणून सगळं लिहूनच पाठवते.

तू बदाम अख्खे ठेवलेस आणि खजूर थंडच मिक्सरमधून काढलास. तिथंच बिघडलं. आजीच्या चिक्कीत अख्खे दाणे चालतात, कारण गुळाचा पाक गार झाला की काचेसारखा कडक होतो. पाण्यात टाकलेला थेंब ताटलीवर टण् वाजल्याशिवाय आजी दाणे घालत नसे. आपल्या वडीत पाक नाही. धरून ठेवायचं काम फळानंच करायचं. खजुरातली साखर बहुतेक ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. तिचे सहसा खडे होत नाहीत आणि ती ओलावा धरून ठेवते, म्हणून वडी मऊ राहते. पण त्यासाठी खजुराला आधी ऊब मिळायला हवी.

आता प्रमाण. बिया काढलेला मऊ खजूर 200 ग्रॅम, बदाम आणि शेंगदाणे प्रत्येकी 75, बेदाणे 50, तीळ आणि भोपळ्याच्या बिया प्रत्येकी 25. शिवाय चमचाभर तूप, अर्धा चमचा सुंठ आणि चिमूटभर मीठ. मीठ विसरू नकोस, त्याशिवाय नुसता गोडवाच जिभेवर राहतो.

प्रत्येक जिन्नस वेगळा भाज. बदामाला मंद आचेवर आठ-दहा मिनिटं लागतात, तीळ मात्र मिनिटा-दोन मिनिटांत तडतडतात. सगळं एकत्र घातलंस तर बदाम कच्चे आणि तीळ कडू. भाजण्याआधी एकेक दाणा चावून बघ. एक खवट दाणा सगळ्या ताटाची चव बिघडवतो. गार झाल्यावर निम्मे बदाम-दाणे जाडसर कुटून घे, निम्म्यांचे तुकडे ठेव. कूट खजुरात मिसळून फटी भरतो, तुकडे दाताखाली येतात.

मग कढईत तूप घालून खजूर मंद आचेवर उलथन्यानं दाबत राहा. गोळा कढईची कड सोडू लागला की लगेच गॅस बंद कर. जास्त परतलास तर वडी चिवट होते. गरम असतानाच बाकीचं मिसळ, तूप लावलेल्या ताटात काढ आणि वाटीच्या बुडानं जोर लावून दाब. हात आखडता घेऊ नकोस. पूर्ण गार झाल्याशिवाय सुरी लावायची नाही.

बेदाणे इथूनच पाठवते आहे, यंदाचे, आपल्याच शेडमधले. गरम पाण्यातून काढून, फडक्यावर पसरून अगदी कोरडे कर. द्राक्षं लवकर वाळावीत म्हणून आपण ती पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून काढतो, हे तू लहानपणी पाहिलं आहेसच, म्हणून धुणं हवंच. धुतल्यावर ओल राहिली तर मात्र वडीला बुरशी धरेल.

याच बेदाण्यांमुळे एक गोष्ट आग्रहानं सांगावीशी वाटते. चार किलो द्राक्षं जाळीवर पसरायची, पंधरा दिवस राखायची, तेव्हा किलोभर बेदाणा हातात येतो. परवा रात्री आभाळ भरून आलं, तर काका आणि मी दोन वाजता उठून शेडला ताडपत्र्या बांधत होतो. सुकं फळ म्हणजे आटवलेलं फळ. दिसायला चिमूटभर, पण त्यात मूठभर द्राक्षांची साखर असते. बदाम-दाण्यांतही तेल भरपूर. म्हणून वडी लहानच काप. वरच्या प्रमाणात 25 ग्रॅमच्या अठरा वड्या होतील, एकीत साधारण 100 कॅलरी. पौष्टिक आहे म्हणून चार-चार खायची ही वस्तू नव्हे. एक घे, सावकाश चाव, वर पाणी पी. शक्य झालं तर दोन मिनिटं बसून खा.

बटर पेपरात एकेक गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेव. पंधरवड्यात संपव, उन्हाळा वाढला की फ्रिजमध्ये टाक. आणि परवाचा तो भुगा टाकला नसशील, तर पुन्हा मंद आचेवर गरम कर, चार खजूर जास्त घाल आणि दाबून थाप. काही वाया गेलेलं नाही.

अठरा वड्या तुझ्या एकटीसाठी नाहीत. तुझ्याबरोबर पाळीला असणाऱ्या मुलींनाही भूक लागतच असेल. पार्सलमध्ये बेदाणे किलोभर आहेत, ते त्याच हिशेबानं.

तुझी,
मावशी