मोडीचा भाव

जुनें रुपें सराफाकडे विकावयास नेणें याला आपल्याकडे 'मोड देणें' म्हणतात, आणि हा शब्दप्रयोग जितका रूढ तितकाच यथार्थ आहे. वस्तु घडविण्यास कारागिरास महिना लागला असेल, ती वापरण्यांत तीन पिढ्या गेल्या असतील. परंतु ताजव्यांत पडली कीं तिचा घाट, तिची नक्षी, तिच्यावर कोरलेलीं नांवें हीं सारीं तत्क्षणीं मोडतात आणि उरतो तो केवळ धातु. यांत सराफाचा दोष आहे असें आम्हांस वाटत नाहीं. घडणावळ परत मिळावयाची नाहीं, हें घरोघरीं ठाऊक असतें. पण निदान त्या धातूचें तरी पुरें मोल पदरांत पडेल अशी विकणाराची समजूत असते, आणि पुष्कळदां तेंही पडत नाहीं. कारण घट किती धरली व कशाबद्दल धरली, हा प्रश्न विचारणारे फार थोडे. सभ्य गृहस्थास तर तो विचारण्याची लाजच वाटते. वडिलार्जित चीज विकावयास आलों हेंच कमीपणाचें, त्यांत घासाघीस कसली, असें मनाशीं म्हणत तो पुढें आलेले पैसे खिशांत घालतो आणि पेढीच्या पायऱ्या भराभर उतरतो. अशा गिऱ्हाइकांच्या लाजेवर किती पेढ्यांचे मजले चढले असतील, याची गणती कोणीं केलेली नाहीं!

मातोश्रींच्या मागें आम्हां तिघां भावंडांत घरच्या रुप्याची वांटणी करण्याचा प्रसंग आला. ताम्हन, पंचपात्र, निरांजनें, अत्तरदाणी, गुलाबदाणी, पितळी डब्यांत राखून ठेवलेले जुने रुपये, आणि आजोबांनीं पुण्याच्या कँपांत, विलायतेस परत निघालेल्या कोणा साहेबाच्या सामानाच्या लिलावांत घेतलेला चहाचा संच. देव मधल्या भावाकडे, म्हणून देवाचीं उपकरणीं त्याच्याकडे गेलीं. धाकटी बहीण म्हणाली, "दादा, मला भांडें नको. माझ्या वांट्याचे पैसे दे. घराचे हप्ते थकले आहेत." रुपये व चहाचा संच तिच्या वांट्यास लावले गेले आणि ते विकण्याचें काम आमच्याकडे आलें, तशी वर सांगितलेली लाज आपोआप गळाली. आपलें नुकसान सोसण्यास माणसानें खुशाल उदार व्हावें. बहिणीचें सोसण्याचा अधिकार त्याला कोणीं दिला?

रुपयांचें काम सोपें होतें. १८३५ च्या कायद्यानें रुपया १८० ग्रेनांचा, म्हणजे बरोबर एका तोळ्याचा ठरला, आणि त्यांत बारांपैकीं अकरा भाग शुद्ध रुपें असे. राणी व्हिक्टोरिया गेली, एडवर्ड गेला, पंचम जॉर्ज गेला. मुखवटे बदलले, पण कस बदलला नाहीं. पुढें १९४० सालीं, महायुद्धाच्या धामधुमींत, सरकारनें रुपें निम्म्यावर आणलें आणि १९४७ सालीं तर रुपया निव्वळ निकलचा झाला. म्हणून डब्यांतील रुपयांच्या सालवार तीन राशी घरींच करून नेल्या. एकत्र ढिगास सगळ्यांत हलक्याचाच भाव लागतो, हें सांगावयास अर्थशास्त्राचा अभ्यास नको.

संचाचें प्रकरण इतकें सोपें नव्हतें. चहादाणी, दुधाचें भांडें व साखरदाणी यांच्या तळाशीं चार बारीक ठसे होते: पाऊल उचलून चाललेला सिंह, एक नांगर, एक अक्षर, आणि घडविणाराचीं आद्याक्षरें. सिंह म्हणजे हजारांत ९२५ भाग शुद्ध रुपें, बाकीचें बहुधा तांबें. यासच स्टर्लिंग म्हणतात. निर्भेळ रुपें फार मऊ, रोजच्या वापरास टिकत नाहीं, म्हणून ही भेसळ. १३०० सालीं पहिल्या एडवर्ड राजानें, या कसाहून हलक्या रुप्याची वस्तु विकूं नये व तपासल्यावर तिजवर बिबट्याच्या मुखाचा ठसा मारावा, असा कायदा केला. सिंह १५४४ मध्यें आला. नांगर बर्मिंगहॅमचा. समुद्रापासून इतक्या दूरच्या गांवाच्या वांट्यास नांगर कसा आला, याची एक गंमतीची आख्यायिका आहे. बर्मिंगहॅम व शेफील्ड यांना १७७३ मध्यें स्वतःच्या कस-कचेऱ्या मिळाल्या. त्या खटपटीच्या बैठकी लंडनच्या 'क्राउन अँड अँकर' नांवाच्या मद्यगृहांत होत, आणि पाटीवरचा मुकुट शेफील्डनें व नांगर बर्मिंगहॅमनें वांटून घेतला म्हणतात! अक्षरावरून साल कळतें. १७८४ पासून १८९० पर्यंत कर भरल्याची खूण म्हणून राजाचें मस्तकही उमटवीत; तें आमच्या संचावर नव्हतें, म्हणजे संच त्यानंतरचा.

हे ठसे न्याहाळतांना आम्हांस त्या कायद्याचें खरें कौतुक वाटलें. ज्यानें वस्तु घडतांना पाहिली नाहीं व विकणाराशीं ज्याची ओळख नाहीं, अशा परक्या माणसालाही तिचा कस कळावा, एवढ्यासाठीं तो सिंह तेथें आहे. मात्र पाहणाराची पाहण्याची इच्छा असली पाहिजे.

पहिल्या सराफाची नव्हती. "विलायती माल, साहेब, जर्मन सिल्व्हरच्या जातीचा. साठ टक्के धरूं." जर्मन सिल्व्हर म्हणजे तांबें, जस्त व निकल, त्यांत रुपें नांवालाही नसतें. तेव्हां माल त्या जातीचा असेल तर साठ टक्के तरी कशाचे, हें आम्हीं नम्रपणें विचारलें. उत्तरादाखल त्यांनीं पंखा वाढविला. मुलामा दिलेल्या भांड्यावर सिंह नसतो, 'ईपीएनएस' अशीं अक्षरें असतात, एवढें ठाऊक असलें तरी पुरे. दुसऱ्या पेढीवर क्ष-किरणांचें यंत्र होतें व त्यानें ९२५ च्या आसपास आंकडा दाखविला. परंतु "यंत्र वरवरचें पाहतें" म्हणून मालकांनीं पंचाहत्तर टक्क्यांवर जाण्याचें नाकारलें. यंत्र वरवरचें पाहतें हें खरेंच आहे. मग कानशीनें खोल ओरखडा काढून पुन्हा पाहा म्हटलें, तर त्यांस वेळ नव्हता.

मध्यंतरीं आणखी एका गोष्टीची खात्री करून घेणें अवश्य होतें. हेस्टर बेटमन किंवा पॉल स्टॉर यांच्यासारख्या नामांकित कारागिराचा शिक्का असला तर वस्तु मुशींत घालणें हा वेडेपणा. संग्राहक तिला धातूच्या कितीतरी पट किंमत देतात. आमच्या संचावरचीं अक्षरें एका सामान्य कारखान्याचीं निघालीं. चहादाणीवर साहेबाच्या नांवाचीं अक्षरेंही गुंफलेलीं होतीं, पण त्यांस कोण विचारतो! जॉर्ज इलियटच्या १८६० सालच्या 'द मिल ऑन द फ्लॉस' या कादंबरींत दिवाळें निघालेल्या घरची मिसेस टलिव्हर माहेरच्या आद्याक्षरांची रुप्याची चहादाणी कुरवाळीत रडते. ती खाणावळींत वाटसरूंपुढें मांडली जाईल, हें तिचें दुःख. वर्गांत तो भाग शिकवितांना मुलें हंसत असत. आमचा साहेबही असाच कुरवाळून गेला असेल. त्याची चहादाणी मात्र आमच्या घरीं पाहुण्यांपुढेंच मांडली जात असे.

भावाच्या वेळेविषयीं थोडें. अमेरिकेंत हंट बंधूंनीं रुपें साठविण्याचा सपाटा लावला, तेव्हां जानेवारी १९८० मध्यें औंसाचा भाव ५० डॉलरांच्या जवळ गेला, आणि पिढीजात थाळ्या-चमचे भट्टींत गेले. २७ मार्चला तो ११ डॉलरांच्या खालीं होता. ऑक्टोबर २०२५ मध्यें रुप्यानें तो जुना उच्चांकही ओलांडला. भाव चढला तर हप्ता भरण्याचा दिवस कांहीं पुढें जात नाहीं, म्हणून आम्ही वाट पाहत बसलों नाहीं.

शेवटीं मुंबईस रुपें आटवून शुद्ध करणाऱ्या एकाकडे गेलों. अट एकच: आमच्या देखत आटवावें आणि रसांतून काढलेल्या रव्याचा कस लावावा. चहादाणीची लांकडी मूठ व झांकणावरची बोंडी काढल्यावर वजन १,२४० ग्रॅम भरलें. ९२५ च्या हिशेबानें शुद्ध रुपें १,१४७ ग्रॅम व्हावयाचें. पहिल्या सराफाच्या साठ टक्क्यांनीं तें ७४४ झालें असतें. लगडीचा कस ९१८ निघाला. सांध्यांना लावलेला डाख हलक्या कसाचा असतो, तेव्हां तेवढी तूट रास्तच. १,१३८ ग्रॅमांवर त्यानें शुद्धीकरणाबद्दल तीन टक्के कापले, आणि वजन, कस, घट व त्या दिवसाचा भाव असे चारही आंकडे चिठ्ठीवर मांडून दिले.

पैशांबरोबर ती चिठ्ठीही आम्हीं बहिणीकडे दिली. तिनें ती चष्मा लावून दोनदां वाचली आणि विचारलें, "दादा, हे तीन टक्के कसले?"