अहस्तांतरणीय थेंब

मध्यमवर्गीय घरात कुठलीच बाटली सहसा रिकामी होत नाही. डोळ्यांच्या औषधाची तर मुळीच नाही. डॉक्टर सांगतात आठ दिवस, बाटलीत थेंब पंधरा दिवसांचे. उरलेले फेकायचे म्हणजे साक्षात लक्ष्मीचा अपमान! म्हणून ती बाटली फ्रिजच्या दारात, लोणच्याच्या शेजारी, पुढच्या डोळ्याची वाट बघत उभी असते.

आमच्या आत्याच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनातून उरलेली अशीच एक बाटली मेतकुटाच्या पुड्याबरोबर थेट डॅलसला गेली. तिथे माझ्या आतेभावाच्या मुलीने शॅमेलिऑन पाळलाय. मूळचा येमेन-सौदीकडचा, डोक्यावर पगडीसारखा तुरा. आपल्याकडचा घोयरा सरडा त्याचा भाऊबंदच. पण त्याला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे, तेव्हा तो घरी आणायचा विचारही नको. या प्राण्याचे दोन डोळे दोन दिशांना फिरतात. आमच्या हेड कॅशियरला असे डोळे असते तर एकाने नोटा आणि एकाने घड्याळ बघता आले असते. सध्या बिचारा दोन्ही डोळ्यांनी घड्याळच बघतो.

तर या पाहुण्याने एकदा भर दुपारी एक डोळा मिटला तो उघडेचना. खाणेही सोडले. आत्या बाटली घेऊन सरसावली. "अगं, मला गुण आला, त्याला नाही का येणार?"

नात पिंजऱ्यापुढे आडवी उभी राहिली. "आजी, बाटलीवर तुझं नाव आहे!"

आम्हा बँकवाल्यांना हे लगेच पटते. डॉक्टरची चिठ्ठी म्हणजे अकाउंट पेयी चेक. दुसऱ्याच्या खात्यात जमा होत नाही. शिवाय चेक तीन महिन्यांत शिळा होतो. थेंबांची बाटली उघडल्यावर बहुधा महिन्याभरातच. लेबलावरची तारीख असते ती सीलबंद बाटलीची.

सरपटणाऱ्या प्राण्यांतला जाणकार डॉक्टर गाठला. जनावरांच्या प्रत्येक डॉक्टरला सरडा कळतोच असे नाही. त्याने डोळ्यात रंगाचा थेंब घालून निळ्या उजेडात पाहिले, तर बुबुळावर हिरवा ओरखडा चमकला. आत्याच्या बाटलीत होते स्टिरॉइड. अशा ओरखड्यावर ते पडले की जखम भरत नाही, चिघळते. डोळा जाऊही शकतो.

मग त्याने दिवा, पाणी, खुराक यांची पोलिसी चौकशी केली. कारण पाणी कमी पडले, दिवा चुकीचा लागला किंवा 'अ' जीवनसत्त्व कमी झाले, तरी हे प्राणी डोळे मिटतात. मात्र ते जीवनसत्त्वही अंदाजाने द्यायचे नाही, जास्त झाले की बाधते. शेवटी डोळा धुतला आणि त्याच्या नावाचे, त्याच्या मापाचे औषध दिले.

दहा दिवसांनी डोळा उघडला. आत्याचा फोन आला, "बरा झाला रे! पण एक डोळा माझ्यावर, दुसरा फ्रिजवर. विश्वासच नाही मेल्याचा!"