व्हायोलाची खुर्ची

गोवंडीत राहणाऱ्या माणसाला सभोवारचा ध्वनी म्हणजे काय, हे वेगळे शिकवावे लागत नाही. पहाटेची अजान, पाठोपाठ देवळातली आरती, आमच्या चर्चची घंटा, हार्बर मार्गावरील लोकलचा खडखडाट आणि देवनारकडे निघालेल्या कचऱ्याच्या गाड्यांची घरघर, हे सारे चहूबाजूंनी विनामूल्य कानांवर येत असते. त्यासाठी कोणी पैसे मोजून यंत्र घ्यावे, याचे आम्हांला नवलच वाटे. म्हणूनच आमच्या धर्मग्रामातील एका वयोवृद्ध वादकाने निरोप धाडला, ‘फादर, मुलाने कुवेतहून पाच स्पीकरांचा संच आणलाय, ऐकायला या,’ तेव्हा आम्ही गेलो ते काहीशा थट्टेच्याच मनःस्थितीत.

या गृहस्थांना सारी इमारत ‘मेस्त’ म्हणते. गोव्यात चर्चमध्ये गायनवादन शिकवणाऱ्या गुरुजींना मेस्त म्हणतात. साष्टीतल्या अशाच एका चर्चच्या शाळेत त्यांनी स्वरलिपी गिरवली, साठच्या दशकात मुंबई गाठली आणि पुढे पंचवीस-तीस वर्षे चित्रपटांच्या वाद्यवृंदांत व्हायोला वाजवून संसार केला. त्या काळी मुंबईच्या स्टुडिओंत गोवेकर वादकांची मोठी फळी होती. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ साली याच फळीतून आपला ‘इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा’ उभा केला होता. अशा वादकांची नावे पडद्यावर क्वचितच झळकत. त्यातही व्हायोला हे व्हायोलिन आणि चेलो यांच्या मधले वाद्य. ते वाजत असताना कोणाच्या ध्यानात येत नाही, थांबले की मात्र काहीतरी हरवल्यासारखे वाटते.

आमचा पक्ष स्टिरिओचा. आमच्या निवासात दोनच स्पीकर आहेत आणि त्यांच्याशी समभुज त्रिकोण साधेल अशी एक खुर्ची. तीत बसले की दोन स्पीकरांच्या मधल्या रिकाम्या जागेत वादक बसल्याचा भास होतो. आपल्या दोन कानांत सतरा-अठरा सेंटिमीटरांचे अंतर असते. बाजूने आलेला आवाज दूरच्या कानापर्यंत सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळाने उशिरा आणि किंचित क्षीण होऊन पोहोचतो. एवढ्याशा फरकावरून मेंदू दिशा ओळखतो. ॲलन ब्लमलाइन या इंग्रज अभियंत्याने हे मर्म जाणून १९३१ साली स्टिरिओच्या पेटंटसाठी अर्ज केला. चित्रपटगृहात नट पडद्याच्या एका कडेला आणि त्याचा आवाज भलतीकडून येतो, हे त्याला खटकले होते, असे सांगतात. १९३४ साली लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत त्याने मोझार्टच्या सिंफनीची तालीम या पद्धतीने मुद्रित केली. स्टिरिओ तबकड्या बाजारात रुळायला मात्र १९५८ साल उजाडले.

पुढे माणसाला दोन स्पीकर अपुरे वाटू लागले. सत्तरच्या दशकात चार स्पीकरांचा प्रयोग झाला आणि फसला. १९९९ साली सुपर ऑडिओ सीडी आणि पाठोपाठ डीव्हीडी-ऑडिओ आली, तेव्हा पाच-सहा वाहिन्यांचे संगीत घरात पोहोचले. सिंफनीसाठी ते ठीक, असे आम्ही म्हणत असू. मागच्या स्पीकरांतून सभागृहाचा प्रतिध्वनी आला तर भव्यता वाढते. पण चेंबर म्युझिक म्हणजे दिवाणखान्यातले संगीत. स्ट्रिंग क्वार्टेटमध्ये दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि एक चेलो अशी चार माणसे अर्धवर्तुळात बसून आपसांत बोलावे तशी वाजवतात. मेहली मेहता यांनी १९४० साली मुंबईत बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेट स्थापन केले, तेव्हा श्रोते समोरच बसत असणार. चौघे समोर असताना मागे दोन स्पीकर हवेत कशाला?

मेस्तांच्या दहा बाय पंधराच्या खोलीत पुढचे तीन स्पीकर टीव्हीभोवती होते. मागचे दोन, एक कपाटाला टेकून आणि दुसरा शिवणयंत्रावर. त्यांनी बीथोव्हेनच्या क्वार्टेटची तबकडी लावली. स्टुटगार्टच्या टॅसेट या कंपनीने ऑरिन क्वार्टेटचे हे वादन मुद्रित करताना वादकांना श्रोत्याच्या समोर न ठेवता त्याच्याभोवती ठेवले आहे. दोन्ही व्हायोलिने पुढून आली, आणि आमच्या पाठीमागून एकाएकी चेलो बोलू लागला. आम्ही दचकून मान वळवली.

मग आम्ही व्याख्यान सुरू केले. ही कृत्रिम मांडणी आहे, श्रोत्याची जागा वादकांसमोर असते, हे म्हणजे मिस्सा चालू असताना वेदी भाविकांच्या पाठीमागे नेण्यासारखे झाले, वगैरे वगैरे. मेस्तांनी सारे शांतपणे ऐकून घेतले. मग ते म्हणाले, “फादर, तुम्ही समोर बसून ऐकलंत. मी जन्मभर आत बसून ऐकलं.” आणि जरा थांबून, “दोन स्पीकरांतून आता मला नुसती खिचडी ऐकू येते.”

तेव्हा कुठे आम्हांला आठवले, की मेस्तांचा डावा कान चार वर्षांपूर्वी गेला आहे. रुग्णांच्या भेटीला गेलो असताना त्यांच्यासाठी प्रार्थना आम्हीच केली होती. आणि आता त्याच माणसासमोर आम्ही दोन कानांच्या शास्त्राची महती गात होतो! आम्हांला मनस्वी लाज वाटली.

घरी परतताना वाटेत आम्ही त्याचा विचार केला. स्टिरिओतला मधोमध बसलेला वादक प्रत्यक्षात तिथे नसतोच. दोन कान मिळून तो आभास रचतात. एक कान गेला की तो वादकही उठून जातो. परंतु जेथे प्रत्येक वाद्य खरोखरच वेगळ्या स्पीकरातून येते, तेथे एका कानाच्या माणसाला मान वळवून शोध घेता येतो. चांगला कान ज्या बाजूला वळावा तिकडचे वाद्य उजळते, पलीकडच्या वाद्याचे उंच स्वर आपल्याच डोक्याआड अडून मंदावतात. मेस्त सारा वेळ मान हळूहळू फिरवत होते. आम्ही त्याला वार्धक्याचा कंप समजलो होतो. चार वर्षांनंतर ते पुन्हा सोबत्यांच्या मध्ये बसले होते.

आणि खरे सांगायचे तर ‘आत बसून ऐकणे’ आम्हांला तरी अपरिचित कुठे होते? व्हेनिसच्या सेंट मार्क बॅसिलिकात सोळाव्या शतकात समोरासमोरच्या सज्ज्यांत गायक-वादकांचे वेगवेगळे वृंद बसवत. गाब्रिएलीने त्यांच्यासाठीच रचना केल्या. आमच्या सेमिनरीतही सायंप्रार्थनेला आम्ही दोन रांगांत समोरासमोर उभे राहून स्तोत्रांची चरणे आळीपाळीने म्हणत असू. एक चरण समोरून छातीवर येई, पुढचा आपल्या खांद्यामागून उठे. दीक्षा झाली आणि त्यानंतर आमचे उभे राहणे बदलले. लोक समोर, आम्ही समोर. एवढ्या वर्षांत तीच एक जागा खरी, असे आम्हांला वाटू लागले असावे.

मात्र मेस्तांचा निरोप घेण्यापूर्वी जे घडले ते सांगायचे राहिले. त्यांनी उठून कपाटाजवळच्या स्पीकरची वायर काढली. खोलीतला व्हायोला एकदम ओसरला. अगदी नाहीसा झाला नाही, कारण इतर वाद्यांच्या मायक्रोफोनमध्येही त्याचा थोडा अंश उतरलेला होता. मग त्यांनी कपाटावरची पेटी खाली घेतली, तारा जुळवल्या, त्या मुक्या स्पीकरपाशी खुर्ची ओढली आणि तबकडी पुन्हा लावली. जलद चालीत बोटे मागे पडली; दोनदा त्यांनी धनुष्य उचलून मान हलवली. संथ चाल आली तेव्हा मात्र ते इतर तिघांबरोबर चालू लागले. सूनबाईंनी स्वयंपाकघरातून येऊन कुकरचा गॅस बंद केल्याचे सांगितले आणि त्या तिथेच दाराशी उभ्या राहिल्या. मध्येच लोकल गेली. ती कोणालाच ऐकू आली नसावी.

दोन कान शाबूत असलेल्याने क्वार्टेट दोन स्पीकरांवरच ऐकावे, हे आमचे मत अजूनही तसेच आहे. निवासातले दोन स्पीकरही जागच्या जागी आहेत. पण येत्या गुरुवारी संध्याकाळची मिस्सा आटोपून आम्ही पुन्हा मेस्तांकडे जाणार आहोत. येताना धोबी तलावाच्या फुर्टाडोसमधून व्हायोलाची एक तार आणा, असे त्यांनी बजावले आहे.