गुण्या

कोकणातला पावसाळा म्हणजे लोखंडाचा वैरी. जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवा इतकी दमट असते, की कोयते, कड्या, खिळे सारे हळूहळू तांबूस होऊ लागते. रत्नागिरीजवळच्या एका खेड्यात राहणाऱ्या एका आजोबांच्या पेटीतील हत्यारांना मात्र गंज कधी ठाऊक नव्हता. आजोबांनी ३० वर्षे कारखान्यात फिटरचे काम केले होते. पहिल्या पगारातून घेतलेला पोलादी गुण्या हे त्यांचे सर्वांत लाडके हत्यार. काटकोन तपासावा तो त्या गुण्यानेच!

एकदा नातवाने पाखरांसाठी खोके करावयास तो गुण्या घेतला आणि दोन दिवस पडवीच्या कडेला विसरला. आठवण झाल्यावर पाहतो तो पागोळ्यांनी भिजलेल्या पोलादावर गंजाचे तांबडे डाग उमटलेले! त्याने घाईघाईने कानस उचलली. आजोबा रागावले नाहीत. पण त्यांनी त्याचा हात धरला.

"कानशीने गंज जाईल, पण त्याबरोबर काटकोनही जाईल," ते म्हणाले.

मग बारीक पॉलिश कागदावर तेल घेऊन दोघांनी ते डाग अलगद घासून काढले.

लोखंड, पाणी आणि हवेतील प्राणवायू एकत्र आले, की तांबडा गंज तयार होतो. तो भुसभुशीत असल्यामुळे पोलादाचे रक्षण करीत नाही. उलट ते पोखरीत जातो. कारखान्यांत हत्यारे कॉस्टिक सोडा व नायट्रेट क्षार यांच्या उकळत्या द्रावणात बुडवितात. सुमारे १४० अंश सेल्सियस उष्णतेत त्यांवर घट्ट काळा थर बसतो. घरी असे द्रावण उकळणे म्हणजे जिवाशी खेळ. म्हणून आजोबांनी थंड द्रावणाची बाटली काढली. तिच्यात तांब्याचे व सेलेनियमचे क्षार होते. सेलेनियम हे मूलद्रव्य बर्झेलियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १८१७ साली शोधले आणि त्याला चंद्रावरून नाव दिले. नाव शीतल असले, तरी त्याचे हे क्षार विषारी असतात. आजोबांनी रबरी हातमोजे घातले, उघड्या अंगणात पाट मांडला आणि नातवाला दूर उभे केले.

गुण्या आधीच साबणाच्या ऊन पाण्याने धुऊन कोरडा केला होता. कापसाचा बोळा फिरताच रुपेरी पोलाद निळसर काळे झाले. एके ठिकाणी मात्र अंगठ्याएवढा फिकट डाग राहिला. आजोबा काहीच बोलले नाहीत. नातवाची मान खाली गेली.

"आजोबा, धुतल्यावर मी हात लावून पाहिला होता," तो पुटपुटला.

बोटाचा तेलकटपणा डोळ्यांना दिसला नव्हता. पण द्रावणापासून तो लपला नव्हता.

"राहू द्यायचा का हा डाग?" आजोबांनी विचारले.

"नको. पुन्हा पहिल्यापासून करू या."

दुसऱ्या खेपेस रंग सारखा चढला. गुण्या स्वच्छ पाण्याने धुऊन, पुसून आजोबांनी त्यावर तेलाचा हात फिरविला.

"आता याला कधीच गंज चढणार नाही ना?"

"बाळा, हा थर कागदाहूनही पातळ आहे. पावसाला अडविण्याचे बळ त्याच्या एकट्याच्या अंगी नाही. त्याला तेलाची जोड हवी, आणि ते तेल आपणच लावावयाचे असते."

शेवटी त्यांनी सरळ कडेच्या फळीवर गुण्या टेकवून एक रेघ ओढली. मग तो उलटा करून त्याच जागी दुसरी ओढली. काटकोन बिघडला असता, तर दोन्ही रेघा फाकल्या असत्या. त्या एकीवर एक तंतोतंत बसल्या. नातवाने सुटकेचा श्वास सोडला.

पुढच्या पावसाळ्यात दर रविवारी संध्याकाळी पेटी उघडली जाई. तेलाचे फडके घेऊन नातू एकेक हत्यार पुसून ठेवी. गुण्याची पाळी सर्वांत आधी असे. आणि त्यासाठी आजोबांना एकदाही सांगावे लागले नाही.