नातवंड रेशनकार्डावर आहे, विवरणपत्रात नाही

घरात नातवंड सांभाळणाऱ्या आजी-आजोबांनो,



जून-जुलैत विवरणपत्रं भरायचा हंगाम आला की तुमच्यापैकी कुणी ना कुणी माझ्या टेबलासमोर बसतं. कुणी नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेलं, कुणी ओझरच्या एचएएलमधून, कुणी जिल्हा परिषदेच्या शाळेतून. पेन्शनचा फॉर्म १६, बँकेचं व्याजाचं सर्टिफिकेट हे सगळं देऊन झालं की हळूच प्रश्न येतो: "नातू आमच्याकडेच असतो. त्याचं सगळं आम्हीच करतो. त्याचं काही टॅक्समध्ये धरता येतं का?"

उत्तर "नाही" असं आहे. पण तेवढं ऐकून तुमचा चेहरा पडतो आणि समोर नंबर लावून बसलेल्या माणसांमुळे मला पुढचं सांगता येत नाही. ते सांगण्यासाठी हे पत्र.

आपल्याकडे घरात खाणारी तोंडं किती, हे बघून आयकर कमी होत नाही. पूर्वी थोडंफार होत असे. १९५५ साली चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना विवाहित आणि अविवाहित माणसाची करमुक्त मर्यादा वेगळी केली गेली. पुढे १९५८ च्या सुमारास विवाहिताला मूल नसेल तर ३००० रुपये, एक मूल असेल तर ३३००, दोन असतील तर ३६०० अशी पायरी होती. त्यातही हिशेब स्वतःच्या मुलांचाच. ती पद्धत केव्हाच गेली, आणि उरल्या त्या ठरावीक खर्चांवरच्या वजावटी.

त्या वजावटींत तुमचं नातवंड कुठे बसतं ते बघा. कलम ८० सी मध्ये शाळेची ट्यूशन फी धरता येते, पण स्वतःच्या दोन मुलांची. आयुर्विम्याचा हप्ता स्वतःचा, जोडीदाराचा आणि मुलांचा. ८० डी मध्ये आरोग्यविम्यासाठी कुटुंब म्हणजे जोडीदार आणि अवलंबून असलेली मुलं, शिवाय आईवडील. मूल कुणाला म्हणायचं हेही कायद्याने सांगितलं आहे: सावत्र मूल त्यात येतं, दत्तक मूल येतं. नातवंड येत नाही. तुम्ही बारा वर्षं त्याचा डबा भरला असेल, तरी नाही.

यातलं मला सगळ्यात जास्त लागतं ते कलम ८० डीडी. अपंग माणसाला सांभाळणाऱ्याला ७५,००० रुपयांची, आणि अपंगत्व तीव्र असेल तर १,२५,००० रुपयांची वजावट मिळते. अवलंबून असलेल्यांच्या यादीत जोडीदार, मुलं, आईवडील, भाऊ, बहीण एवढेच. म्हणजे सत्तरीच्या आजोबाने अपंग भावाला सांभाळलं तर वजावट आहे; अपंग नातीला सांभाळलं, तिला दर आठवड्याला फिजिओथेरपीला नेलं, तर नाही. गंमत म्हणजे हिंदू अविभक्त कुटुंबाच्या नावाने उत्पन्न असेल तर त्याच कलमात कुटुंबाचा कोणताही सदस्य चालतो. मुलाची मुलगी सदस्य असते, मुलीची मुलगी नसते. आणि पेन्शन ही व्यक्तीची कमाई, ती त्या कुटुंबाच्या खात्यात घालता येत नाही. वडिलोपार्जित उत्पन्न असलेल्या घराला सवलत आणि नोकरी करून निवृत्त झालेल्याला नाही, याचं समर्थन मला तरी सापडलेलं नाही.

आता दुसरी बाजू. हेच नातवंड इतर कायद्यांना मात्र चांगलं दिसतं.

ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासाठी २००७ साली कायदा झाला. त्यात 'मुलं' या शब्दात सज्ञान नातू आणि नात स्पष्टपणे घातलेले आहेत. तुमचा नातू मोठा होऊन कमवायला लागला आणि त्याने तुम्हाला टाकलं, तर तुम्ही त्याच्याकडे पोटगी मागू शकता. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यात तर अवलंबितांची यादीच आहे: आजोबा वारले तर त्यांच्या आधी गेलेल्या मुलाची अज्ञान मुलं त्यांच्या मालमत्तेवर अवलंबून असलेली मानली जातात. म्हणजे आजोबांच्या पश्चात नातू अवलंबित, आणि आजोबा जिवंत असताना, रोज त्याच्या फीचे पैसे भरत असताना, आयकरासाठी तो कुणीच नाही.

खुद्द आयकराच्या कायद्यालाही नातवंड माहीत आहे. तुम्ही त्याला लाख रुपये भेट दिले तर त्यावर कर नाही, कारण थेट पूर्वज आणि थेट वंशज हे 'नातेवाईक' धरले जातात. आईवडील दोघंही नसतील आणि त्याच्या नावावरच्या ठेवीला करपात्र व्याज आलं, तर त्याच्या वतीने पालक म्हणून विवरणपत्र भरायची जबाबदारी तुमच्यावर येते. कर भरायला तुमची सही चालते. खर्च मोजायला चालत नाही.

मागच्या हंगामात एक आजी प्लास्टिकची फाइल घेऊन आल्या होत्या. वर्षाच्या सगळ्या पावत्या तारखेप्रमाणे लावलेल्या: सहावीची फी दोन हप्त्यांत, चष्म्याचं बिल, दाताच्या डॉक्टरची चिठ्ठी, रिक्षाकाकांनी वहीच्या कागदावर लिहून दिलेली महिन्यांची यादी. शाळेच्या पावतीवर पालकाचं नाव छापलेलं होतं ते त्यांच्या गेलेल्या मुलाचं. त्याच्याखाली भरणाऱ्याची सही आजींची, जरा थरथरलेली. मी ती फाइल परत दिली, कारण त्यातला एकही कागद मला वापरता येत नव्हता.

तुम्हाला खोटी आशा दाखवायची नाही, म्हणून हेही सांगतो. पैशाच्या दृष्टीने बघितलं तर तुमच्यापैकी बहुतेकांचा यात तोटा होत नाही. नव्या करप्रणालीत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागत नाही, पेन्शन असेल तर ७५,००० ची प्रमाणित वजावट धरून पावणेतेरा लाखांपर्यंत. भांडवली नफ्याचा हिशेब वेगळा, पण साध्या पेन्शन आणि एफडीवर जगणाऱ्याला कर शून्यच येतो. त्या प्रणालीत ८० सी, ८० डी, ८० डीडी कुणालाच नाहीत. मुलगा-सून हयात असतील, जुन्या प्रणालीत असतील आणि तुम्हाला फीचा भार उचलायचा असेल, तर पैसे मुलाला द्या आणि फी त्याला भरू द्या. बापाने मुलाला दिलेल्या पैशावर कर नाही आणि वजावट त्याला सरळ मिळते.

मग मी एवढा जीव का तोडतो आहे? कारण करातून वाचणारा रुपया हा या प्रश्नाचा सगळ्यात छोटा भाग आहे. कायद्याने तुम्हाला न ओळखण्याचा फटका दुसरीकडे बसतो. सुकन्या समृद्धीचंच उदाहरण घ्या. कितीतरी आजोबांनी हौसेने नातीच्या नावे खातं उघडलं. केंद्राच्या अर्थखात्याने २०२४ मध्ये सूचना काढल्या आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून आजी-आजोबांनी पालक म्हणून उघडलेली खाती जन्मदात्या किंवा कायदेशीर पालकाच्या नावे वळती करायला सांगितलं. आईवडील हयात असलेल्यांचं काम पोस्टात एका अर्जात झालं. जिथे आजीच आई आहे, तिथे त्या आजीला मात्र "तुम्ही कायदेशीर पालक असल्याचा कागद आणा" असं ऐकावं लागतं.

तो कागद जिल्हा न्यायालयातून येतो. १८९० चा पालक आणि पाल्य कायदा अजून चालू आहे आणि मूल जिथे राहतं तिथल्या न्यायालयात अर्ज करायचा असतो. वडील हयात आणि लायक असतील तर न्यायालय सहसा दुसऱ्याला पालक नेमत नाही, हे लक्षात ठेवा. मुलगा पुण्याला हिंजवडीत नोकरी करतो आणि नातू तुमच्याकडे गंगापूर रोडला राहतो एवढ्यावर पालकत्व मिळणार नाही. पण आईवडील दोघंही गेले असतील तर हा अर्ज कराच, आणि उद्यावर ढकलू नका. वय झालं म्हणून न्यायालय नाही म्हणेल अशी भीती मनातून काढा. कोविडमध्ये अहमदाबादला आईवडील गेलेल्या एका मुलाचा ताबा उच्च न्यायालयाने मावशीला दिला होता. आजोबा सत्तरीपुढचे आणि मावशी सरकारी नोकरीत. सर्वोच्च न्यायालयाने जून २०२२ मध्ये तो निर्णय फिरवला आणि ताबा वडिलांच्या आईवडिलांना दिला. केवळ वय आणि उत्पन्न बघून आजी-आजोबांना बाजूला करता येत नाही, असा त्या निकालाचा आशय आहे.

कुणी तुम्हाला "दत्तकच घ्या ना" असं सुचवेल. बाल न्याय कायद्यात आजी-आजोबा हे नातेवाईक म्हणून येतात आणि नात्यातलं दत्तक त्या कायद्याने होऊ शकतं. पण १९५६ च्या कायद्याने मुलाचा मुलगा हयात असताना मुलगा दत्तक घेताच येत नाही. आणि जिथे घेता येतं तिथेही, गेलेल्या मुलाचं नाव नातवाच्या कागदावरून पुसून तिथे आजोबांनी स्वतःचं नाव बाप म्हणून लावायचं, हे कुणाही आजोबाला सांगायची माझी तयारी नाही. नातं आहे तसंच राहू द्या. ते ओळखणं कायद्याचं काम आहे.

सरकारकडून मिळण्यासारखं काही आहे ते आधी घ्या. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत अनाथ, एक पालक गमावलेल्या आणि अडचणीतल्या मुलांना महिन्याला २२५० रुपये मिळतात, वय १८ होईपर्यंत. जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे अर्ज, पुढे बालकल्याण समितीसमोर मुलाला घेऊन जायचं. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये नातेवाइकांकडे राहणाऱ्या मुलांसाठी महिना ४००० रुपयांची तरतूद आहे, पण कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ग्रामीण भागात ७२,००० आणि इतरत्र ९६,००० च्या आत हवं. पेन्शनर त्यात बसत नाहीत. पेठ-सुरगाण्यातून आईवडील निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत कामाला येतात आणि मुलं गावी आजीकडे असतात, त्या घरांनी मात्र चौकशी करून बघावी.

आणि नातवाचं नाव रेशनकार्डावर चढवा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आता राज्यातल्या रेशनकार्डधारक कुटुंबांना वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार आहेत, आणि कुटुंब कोण ते रेशनकार्डावरून ठरतं. सत्तरीनंतर मिळणारं आयुष्मान वय वंदना कार्ड फक्त तुमच्यासाठी असतं, नातवाला त्याचा उपयोग नाही. म्हणून नाव आधीच लावून ठेवा, दवाखान्याच्या काउंटरवर उभं राहायची वेळ येण्याआधी.

आता मागणीचं. न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी आजी-आजोबांना तिथल्या करकायद्यात नातवंड धरता येतं: मूल वर्षातले निम्म्याहून जास्त दिवस त्यांच्या घरी राहिलेलं असावं, वयाची अट पाळावी, आणि स्वतःचा निम्म्याहून जास्त खर्च त्याने स्वतः केलेला नसावा. आईवडिलांचा हक्क आधी. म्हणजे एकाच मुलावर दोन घरांनी सवलत घेऊ नये याचा बंदोबस्त नियमातच आहे. आपल्याकडे आधार आणि पॅन असताना हे जमणार नाही असं कुणी म्हणू नये.

१९६१ चा कायदा जाऊन आयकर अधिनियम २०२५ आला, त्याचा अंमल १ एप्रिल २०२६ पासून. ८० सी चं १२३ झालं, ८० डी चं १२६ झालं. भाषा सोपी केली, कलमं कमी केली, आणि एवढी मोठी झाडलोट होत असताना आजी-आजोबांकडे वाढणाऱ्या मुलाची आठवण कुणाला झाली नाही. शैक्षणिक कर्जाच्या व्याजाच्या वजावटीत 'कायदेशीर पालक' हा शब्द जुन्या कायद्यातच होता, पण पालकत्व अठराव्या वर्षी संपतं आणि कॉलेजचं कर्ज बहुधा त्यानंतरच काढावं लागतं. तेव्हा तो शब्द आजोबांच्या फारसा कामाचा नाही.

मागणी लहान आहे. आईवडील नसलेलं किंवा त्यांना सांभाळता न येणारं नातवंड ज्यांच्या घरी राहतं, त्या आजी-आजोबांसाठी ते अवलंबित धरावं. सुरुवात अपंग मुलांपासून करावी, आणि ती वजावट नव्या प्रणालीतही द्यावी. अर्थसंकल्पाआधी दरवर्षी केंद्र सरकार नागरिकांकडून सूचना मागवतं. नाशिक जिल्हा लोकसभेच्या नाशिक, दिंडोरी आणि (मालेगाव-बागलाणपुरता) धुळे अशा तीन मतदारसंघांत येतो. तुमच्या पेन्शनर संघटनेच्या पुढच्या बैठकीत महागाई भत्त्याच्या ठरावाखाली हा ठराव मांडा, त्याची एकेक प्रत तिन्ही खासदारांना द्या आणि पोच घ्या. मसुदा लिहून द्यायला मी तयार आहे, त्याचे पैसे घेणार नाही.

तुमचा,
नाशिकमधला एक करसल्लागार