पायांशी बसलेला गवई

ज्या वस्तूंचा आवाज त्यांच्या उपयोगापेक्षा मोठा असतो, त्यांच्याविषयी आम्हांस प्रथमपासून थोडा अविश्वास वाटत आला आहे. सभेतील वक्ते, लग्नातील बँड आणि रस्त्यावरील मोटारी या तिन्हींपासून आम्ही होता होईल तो दूर राहतो. असे असता अमेरिकेत भाच्याच्या घरी घालविलेल्या एका सुट्टीत, एका जुन्या अवाढव्य मोटारीच्या दाराशी गुडघे टेकून आम्ही आठ दिवस काढले, हे ऐकून आमच्या विद्यार्थ्यांस गंमत वाटेल. परंतु त्या आठ दिवसांत जे पाहिले ते वाचकांपुढे मांडण्याजोगे आहे.

त्या जातीच्या मोटारींस तिकडे मसल कार म्हणतात. म्हणजे पीळदार स्नायूंची मोटार. मध्यम आकाराच्या घरगुती गाडीत दांडगे एंजिन बसवावयाचे, ही त्यामागील सारी कल्पना. पाँटिअॅक कंपनीने १९६४ साली जीटीओ काढली, तेव्हापासून या प्रकारास भरती आली. १९७० च्या शेव्हेल गाडीत तर ४५० अश्वशक्तीचे एंजिन मिळे! पुढे धुराविषयीचे कायदे कडक झाले, विम्याचे दर चढले, १९७३ साली तेलाची टंचाई आली आणि ही भरती ओसरली. आज त्या गाड्या हौशी लोक देवघरातील टाकांप्रमाणे पुसूनपासून ठेवतात.

आमचे मेहुणे १९६९ साली विद्यार्थी म्हणून मिशिगनमध्ये गेले. हिवाळ्यात बर्फ तुडवीत वर्गाला जाताना या गाड्या त्यांच्या शेजारून गर्जत जात. शिष्यवृत्तीच्या पैशांत त्यांतील एक चाकही आले नसते. पुढे नोकरी, घर, मुलांची शिक्षणे यांत ती इच्छा त्यांनी कधी उच्चारलीही नाही. परंतु मुले बापाचे न उच्चारलेले शब्दच अधिक ऐकतात की काय, कोण जाणे! भाच्याने अलीकडे १९६९ सालचीच एक शेव्हेल विकत घेऊन वडिलांच्या दारात उभी केली. तिच्यात अक्काने व त्यांनी शेजारी बसून जुनी भावगीते ऐकावीत, एवढाच त्याचा हेतू.

अडचण येथेच आली. त्या काळच्या अशा गाडीत डॅशबोर्डाच्या मध्यभागी, काचेकडे तोंड करून एकच ध्वनिक्षेपक बसविलेला असे. बातम्यांस तो पुरेसा, गाण्यास अपुरा. गावातील कारागिराने सांगितले, "दोन्ही दारांत भोके पाडू आणि नवे स्पीकर बसवू." मेहुणे एवढेच म्हणाले, "जो पत्रा पन्नास वर्षे शाबूत राहिला, त्याला माझ्या हौसेसाठी भोक पाडायचे नाही." अक्का आम्हांकडे पाहून म्हणाली, "यांना विचारूनच हौस करायची असती, तर गाडी आलीच नसती!" भाचा मात्र विचारात पडला. वडिलांस भेट द्यावयाची आणि तिच्यासाठी त्यांचे मन मोडावयाचे, हे त्यास रुचेना.

तोड निघाली ती पायांपाशी. पुढच्या दाराच्या बिजागरीपुढे, डॅशबोर्डाखाली, जेथे बसणाऱ्याचा बूट लागतो, तेथे बाजूस एक आच्छादन असते. त्यास किक पॅनेल म्हणतात. ते चार स्क्रू काढले की निघते. मूळचे काढून कापडात गुंडाळून ठेवावे आणि त्याच्या जागी ध्वनिक्षेपकासह नवे घडवून बसवावे. उद्या कोणास नको वाटले तर गाडी होती तशी होईल.

परंतु या जागेचा खरा गुण निराळाच आहे. ध्वनी एका सेकंदात सुमारे ३४३ मीटर जातो. म्हणजे ३४ सेंटिमीटर अंतरास त्यास सेकंदाचा सहस्रांश लागतो. एवढासा काळ कोण मोजतो, असे आपणांस वाटेल, कान मोजतात. सारखाच आवाज दोन ठिकाणांहून आला, तर जो किंचित आधी पोहोचतो त्याच्याच बाजूस गवई बसला आहे असा भास होतो. हेल्मुट हास या जर्मन संशोधकाचा १९४९ सालचा प्रबंध अशाच मागून येणाऱ्या आवाजांविषयी आहे. दारातील ध्वनिक्षेपक एका माणसाच्या मांडीशी असतो आणि दुसऱ्यापासून दूर. भाच्याने टेप लावून पाहिले: दारांत बसविले असते तर चालकाच्या डोक्यापासून जवळचा ७५ सेंटिमीटर व दूरचा १३० वर आला असता, पायांपाशी तीच अंतरे ११० व १४० भरली. पंचावन्नाचा फरक तिसावर आला. दोघांपासूनही गवई थोडा दूर सरला, आणि म्हणूनच दोघांसही तो बराचसा सारखा झाला.

मग काम सुरू झाले. प्रथम मूळचे आच्छादन काढून आतील पत्र्यास गंज किंवा ओल नाही ना, हे पाहिले. पत्र्यावर चिकटपट्टीचे थर दिले. त्यांवर काचतंतूंचे कापड घालून राळ चोपडली. राळेत घट्ट करणारे द्रव्य शेकडा एक-दोनच घालावयाचे. अधिक पडले तर ती तापते आणि तडकते. तो कवचासारखा साचा सुटला, की लाकडी भुशाच्या दाबीव फळीची कडी त्यावर तात्पुरती चिकटवावयाची आणि चालकास बसवून तिचा रोख ठरवावयाचा. दोन्ही कड्यांचे तोंड समोरासमोर न ठेवता छताच्या मध्याकडे, दिव्याच्या रोखाने वळविले. डाव्या अंगास हातब्रेकाचे काम करणारे पायपट्टीचे यंत्र असते, शिवाय क्लच. त्यामुळे तिकडे बोटभर जागेसाठी दोन दिवस गेले. मेहुणे बूट घालून बसत, पाय हलवीत आणि "लागतोय" एवढेच म्हणत. शेवटी कड्यांवर कापड ताणून राळ पाजली, लांबी भरली, पॉलिशपेपरने घासघासून वर गाडीच्या मूळ रंगाचे रेक्झिन चढविले आणि जुन्याच भोकांतून जुनेच स्क्रू आवळले.

आम्ही भाच्यास विचारले, "अरे, हे सारे हल्ली एखादे यंत्र करीत नाही काय?" तो म्हणाला, "करतं की, मामा. जवळच्या स्पीकरचा आवाज यंत्रानं किंचित उशिरा सोडता येतो. पण ते एकाच खुर्चीसाठी जमतं. बाबांसाठी बरोबर केलं, की आईच्या बाजूला आणखी बिघडतं."

या उत्तराने आम्हांस त्या आठ दिवसांचे मर्म कळले. एकाची सोय पूर्ण करावयाची तर ती बहुधा शेजाऱ्याच्या हिश्श्यातून काढावी लागते. दोघांची सोय पाहावयाची असेल तर वस्तूची जागाच बदलावी लागते. आणि ती जागा पुष्कळदा मानाची नसते, पायांजवळची असते. संसारातही ज्यांच्यामुळे दोन माणसांस एकच सूर ऐकू येतो, ती माणसे अशीच कोपऱ्यात, बुटांचे धक्के सोशीत बसलेली आढळतात.

एंजिन सुरू असताना त्या गाडीत गाणे नीटसे ऐकू येत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. सहा वाजता मेहुणे गाडी फेरफटका मारून आणतात, अंगणात उभी करतात आणि किल्ली फिरवून तो सारा मेघगर्जनेचा पसारा बंद करतात. त्यानंतर गाणे लागते. अक्कास विचारले तर ती म्हणते, गवई समोरच्या काचेत बसला आहे. मेहुण्यांस विचारले तर तेही तेथेच बोट दाखवितात. दोघांची बोटे अगदी एका ठिकाणी पडत नाहीत. परंतु पन्नास वर्षांच्या संसारानंतर तेवढा फरक कोणीही सोडून द्यावा.