शब्दांची उकल

अहिल्यानगर जिल्ह्यात, प्रवरेच्या काठी वसलेल्या एका खेड्यातील सातवीची मुलगी रोज रात्री दहा अवघड इंग्रजी शब्द घोकीत असे. सकाळी मात्र त्यांतील दोनही आठवत नसत. ‘ही भाषा आपल्यासाठी नव्हेच,’ असे ठरवून एके दिवशी तिने वही मिटली.

गुरुजी रागावले नाहीत. ते म्हणाले, “बाळ, शब्द नुसता घोकू नकोस, उकलून पाहा. ‘टेलिस्कोप’मधील ‘टेली’ म्हणजे दूर आणि ‘स्कोप’ म्हणजे पाहणे. दोन्ही मूळचे ग्रीक.” ‘मायक्रो’ म्हणजे सूक्ष्म, हे कळताच ‘मायक्रोस्कोप’चा अर्थ तिने आपणच सांगितला.

मग गुरुजींनी तिला शब्दकोशात ‘मॉन्गूस’ हा शब्द काढावयास लावला. उसाच्या बांधावरून तुरुतुरु पळणारे मुंगूस तिने कितीदा तरी पाहिले होते. त्याचेच नाव मराठीतून इंग्रजीत गेले आहे, हे वाचून ती थक्क झाली.

“मोल्सवर्थ नावाच्या इंग्रजाने पंडितांच्या साह्याने आपले शब्द एकेक करून जमविले,” गुरुजी म्हणाले. “त्याचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला, १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत सुमारे ६०,००० शब्द होते. त्याला आपली भाषा साधली, मग तुला त्याची का साधू नये?”

त्या रात्री तिने तीनच शब्द लिहिले. प्रत्येकाचे मूळ शोधले आणि प्रत्येकाचा स्वतःच्या वाक्यात उपयोग केला. सकाळी तिन्ही शब्द तिला आठवत होते.